ज्यूरीच्या यादीत आपण कुठे होतो?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी १९०८ चा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला शिकवत होतो. मुंबई हायकोर्ट, न्यायमूर्ती दिनशा दावर, नऊ जणांची ज्यूरी. त्यांपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला. 'केसरी'तले लेख मराठीत, आणि निर्णय देणाऱ्यांपैकी सात जणांना मराठीचा गंध नाही. हा अन्याय होता हे मी नेहमीच्या त्वेषाने सांगितले. तेव्हा ताडीवाला रोडवरून येणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, त्या नऊ जणांत आपला कुणी व्हता का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "नव्हता" म्हणून पुढे गेलो. पण घरी येईपर्यंत त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. 'नव्हता' हे उत्तर खरे होते, पण ते इतिहासाच्या शिक्षकाचे उत्तर नव्हते. का नव्हता? कुठल्या कायद्याने नव्हता? आणि जर नव्हता, तर ती गोष्ट वरच्या कोर्टात जाऊन कुणाला कधी मांडता आली असती का? हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी टिळकांची बाजू पुरती मांडू. ती मांडल्याशिवाय आपली मांडता येणार नाही.

टिळकांना ज्यूरीचा अनुभव दोनदा आला. १८९७ साली रँडच्या खुनानंतर त्यांच्यावर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर सहा युरोपियन आणि तीन हिंदी अशी ज्यूरी बसली. निकाल सहा विरुद्ध तीन लागला. अठरा महिन्यांची सक्तमजुरी. १९०८ साली सात विरुद्ध दोन. या आकड्यांकडे नीट पाहावे. दोन्ही वेळा मतांची फाळणी जितकी झाली तितकीच ज्यूरीतल्या वंशांची फाळणी होती. ज्यूरी कशी बसवली हे कळल्यावर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हे टिळकांच्या बाजूला कळत नव्हते असे नाही. १९०८ मध्ये सरकारने 'स्पेशल ज्यूरी' मागितली. स्पेशल ज्यूरीची यादी म्हणजे शहरातल्या बड्या, प्रतिष्ठित लोकांची यादी, आणि मुंबईत त्या यादीत युरोपियनांचाच भरणा. टिळकांतर्फे जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली. लेख मराठी आहेत, मराठी न जाणणारे लोक त्यांचा अर्थ काय लावणार, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. दावरसाहेबांनी हरकत फेटाळली. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते, हे इतिहासातले एक कडवट नोंदण्याजोगे वाक्य आहे.

कायद्यात भाषेची तरतूद नव्हती असेही नाही. १८९८ च्या फौजदारी कार्यसंहितेत ज्यूररवर हरकत घेण्याची जी कारणे दिली होती, त्यांत साक्षीची भाषा न कळणे हे एक कारण होते. पण त्याला शेपूट होते. साक्षीचे भाषांतर होत असेल तर भाषांतराची भाषा कळली की पुरे. म्हणजे 'केसरी'चा मजकूर कोर्टाच्या भाषांतरकाराने इंग्रजीत केला की मराठी न कळणारा ज्यूरर कायद्याने लायक ठरला. टिळकांनी एकेका शब्दाच्या भाषांतरावरून वाद घातला, एकवीस तासांवर भाषण केले. पण ज्यांना मूळ शब्दच ऐकू येत नाही, त्यांच्यापुढे शब्दाचा अर्थ किती तास सांगणार?

आता अपील. इथे गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. ज्यूरीने दिलेल्या निकालावर अपील करायचे तर ते केवळ कायद्याच्या मुद्द्यावर करता येई, वस्तुस्थितीच्या मुद्द्यावर नाही. ज्यूरीने साक्ष खोटी मानली की खरी, हे वरच्या कोर्टाने पाहायचे नाही. न्यायाधीशाने ज्यूरीला कायदा समजावून सांगताना चूक केली का, एवढेच पाहायचे. त्यातही खुद्द हायकोर्टात चाललेल्या फौजदारी खटल्यावर सरळ अपिलाची वाट १९४३ पर्यंत नव्हतीच. राहता राहिली लंडनची प्रिव्ही कौन्सिल. १८९७ साली पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अ‍ॅस्क्विथ टिळकांची बाजू मांडायला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहिले. भर कशावर होता? स्ट्रेचीने 'अप्रीती' म्हणजे केवळ 'प्रीतीचा अभाव' असा अर्थ ज्यूरीला सांगितला, यावर. परवानगी नाकारली गेली. १९०८ नंतरही हायकोर्टाने आणि प्रिव्ही कौन्सिलने दाद दिली नाही. न्यायाधीश काय बोलला यावर भांडता येत होते. समोरच्या बाकावर कोण आणि का बसवले, हा खरा घाव; पण त्यावर अपिलात बोट ठेवायला जागाच नव्हती.

आणि हा वंशभेद कुणाच्या मनातला, चोरून केलेला नव्हता. तो कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता. १८८३ साली इल्बर्ट बिल आले. हिंदी न्यायाधीशांनी युरोपियन आरोपींचे खटले चालवावेत एवढेच त्यात होते. त्यावर गोऱ्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी देशभर आकांत केला. शेवटी १८८४ साली तडजोड झाली ती अशी की युरोपियन आरोपीला निम्मी तरी ज्यूरी युरोपियन किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क मिळाला. युरोपियन ज्यूरीने युरोपियन आरोपीला सोडून दिल्याच्या कहाण्या त्या काळच्या देशी वृत्तपत्रांत भरपूर आहेत. १९२३ साली या भेदाची धार थोडी बोथट केली गेली आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली फौजदारी कायद्यातले वांशिक भेद काढून टाकण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या वेळी बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते आणि संविधानाचा मसुदा सभागृहापुढे होता.

इथे आपली पाठ्यपुस्तके थांबतात. गोऱ्यांचा भेद होता, तो गेला, अन्याय संपला. त्या मुलाचा प्रश्न मात्र इथून सुरू होतो.

ज्यूरी फक्त मुंबईत नव्हती. पुण्याच्या सेशन्स कोर्टातही काही गुन्ह्यांचे खटले ज्यूरीपुढे चालत. त्या ज्यूरीची यादी कशी होई? सेशन्स जज्ज आणि कलेक्टर मिळून यादी करत. कोणाची? त्यांच्या मते जे लायक असतील त्यांची. 'त्यांच्या मते' या शब्दांवर सगळे काही उभे होते. यादीत प्रत्येकाचे नाव, राहण्याचे ठिकाण, दर्जा किंवा धंदा लिहायचा. आणि माणूस युरोपियन किंवा अमेरिकन असेल तर त्याचा वंशही लिहायचा, असे कायदा सांगत होता.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. वंश लिहायचा, कारण पुढे कुणी वंशाच्या आधारावर हक्क मागेल. जातीचा रकाना नाही. जनगणनेत महार, मांग, चांभार मोजणारे, लष्करात जातवार पलटणी बांधणारे, महार वतनाचा हिशेब दाण्यादाण्याने ठेवणारे सरकार ज्यूरीच्या यादीत मात्र जात विसरते. ही उदारता नव्हती. ज्या माणसाच्या तिथे असण्याची कल्पनाच कुणाला येत नव्हती, त्याच्यासाठी रकाना कोण आखणार?

यादी तयार झाली की तिची प्रत कचेरीत आणि गावात ठळक जागी लावायची, हरकती ऐकायच्या, असाही नियम होता. वाचता येणाऱ्यांसाठी तो नियम चांगलाच होता. ज्याला कचेरीच्या पायरीवर चढायची भीती, ज्याच्या घरात अक्षर नाही, तो त्या भिंतीवरच्या कागदावर हरकत घेणार होता!

माझे आजोबा गावचे वेसकर. शिवारात प्रेत सापडले की राखण त्यांनी करायची, पाटलाला वर्दी त्यांनी द्यायची, पुढे कोर्टात साक्षही त्यांनीच द्यायची. वतने जाण्याच्या आधी, पन्नासच्या दशकात, ते अशाच एका खटल्यात पुण्याला साक्षीला आले होते. म्हातारपणी ते सांगत. कोर्टाच्या आवारात दिवसभर झाडाखाली बसवले, पाणी मागितले तर वरून ओंजळीत ओतले. आत गेल्यावर शपथ दिली. "समोर बाकावर बामण, वाणी, एक दोन पाटील बसलेलं," असे ते म्हणत. "म्या काय सांगितलं ते त्यांनी आयकलं. मंग त्येच ठरवनार, म्या खरा का खोटा." आजोबांची तक्रार एवढीच होती की त्यांतल्या एकाने साक्ष संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलेच नाही.

यातली विटंबना अशी की जुन्या मराठी मुलखातल्या गोतसभेत महार बसत असे. बारा बलुतेदारांत त्याची निशाणी महजरावर उमटत असे. गावशिवेच्या तंट्यात महाराने दाखवलेली शीव प्रमाण धरत. मी गोतसभेचे गोडवे गात नाही. त्याच गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले होते आणि पेशवाईत ब्राह्मणाला देहान्त शिक्षा नव्हती हे आपण विसरत नाही. पण इंग्रजी कायद्याने 'सर्व समान' म्हणत जी नवी पंचमंडळी बसवली, तिच्यात त्याची ती निशाणीसुद्धा उरली नाही. साक्षीला चालतो, निवाड्याला चालत नाही, एवढाच बदल झाला.

आता थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. जोतीरावांनीच ती वाट दाखवून ठेवली आहे. १८७३ साली पुण्यात 'गुलामगिरी' निघाली आणि जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. आणि त्याच १८७३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने कायदा केला की ज्यूरीत फक्त गोरे पुरुष बसतील. गुलामीची बेडी तुटली, तिच्या जागी हा नवा खिळा ठोकला गेला. जोतीराव ज्यांना वंदन करत होते त्यांच्याच देशात लढाईचा दुसरा अंक सुरू झाला होता.

टेलर स्ट्रॉडर नावाच्या कृष्णवर्णीय माणसावर त्या राज्यात खुनाचा खटला चालला. त्याने अपिलात तोच कायदा आव्हानाला घेतला. १८८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ज्या ज्यूरीतून आरोपीच्या वंशाचे लोक कायद्यानेच वगळले आहेत, तिच्यापुढे त्याला उभे करणे हा समान संरक्षणाचा भंग आहे. शिक्षा रद्द झाली. पण त्याच दिवशी दुसऱ्या खटल्यात त्याच कोर्टाने असेही म्हटले की ज्यूरीत काळा माणूस नाही एवढ्यावरून भेद सिद्ध होत नाही. झाले! दक्षिणेतल्या राज्यांनी धडा घेतला. कायद्यातून 'गोरा' शब्द काढला, यादीतून काळी माणसे काढली. यादी करणाऱ्यांच्या 'मते' ती लायक नव्हती. हे 'मते' आपल्या ओळखीचे आहे.

पुढे १९३१ साली अलाबामात स्कॉट्सबरो इथे नऊ काळ्या तरुणांवर बलात्काराचा खोटा आरोप आला. त्यांतल्या क्लॅरेन्स नॉरिसचे अपील सुप्रीम कोर्टात गेले. त्या जिल्ह्यात काळा माणूस ज्यूरीत बसल्याचे कुणालाच आठवत नव्हते, हे साक्षीपुराव्याने दाखवले गेले. सरकारने यादीत काळ्यांची नावे दाखवली, ती मागाहून घुसडलेली निघाली. आरोपीच्या वकिलाने ती यादीची वही आणि भिंग न्यायमूर्तींच्या हातात दिले. १९३५ साली शिक्षा रद्द झाली. ती वही नसती तर?

त्यानंतर वगळण्याची जागा बदलली. यादीत नाव येऊ लागले, पण खटल्याच्या दिवशी सरकारी वकील कारण न देता नाव खोडण्याचा अधिकार वापरून काळ्यांना उठवू लागला. १९८६ च्या बॅट्सन खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटले की आरोपीने संशयाला जागा दाखवली की वंश सोडून दुसरे कारण सरकारी वकिलाने दिले पाहिजे. मग कारणांचा कारखाना सुरू झाला. जॉर्जिया राज्यातल्या टिमथी फॉस्टरला १९८७ साली गोऱ्या ज्यूरीने फाशी सुनावली होती. जवळजवळ वीस वर्षांनी माहिती मागवून सरकारी वकिलाचे कागद हाती आले, तेव्हा काळ्या ज्यूररांच्या नावांवर हिरवा रंग फासलेला आणि शेजारी खुणेचे अक्षर लिहिलेले सापडले. २०१६ साली त्याला दाद मिळाली. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चालवला गेला, आणि त्या सहांत मिळून एकाच सरकारी वकिलाने खोडता येण्याजोग्या ४२ काळ्या ज्यूररांपैकी ४१ जणांना खोडले. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, २०२० मध्ये आरोप मागे घेतले गेले.

हे सांगण्याचा हेतू अमेरिकेची आरती ओवाळण्याचा नाही. १८८० ते २०१९ म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, आणि तरी दुखणे गेले नाही. पण तिथल्या काळ्या माणसाच्या हातात एक गोष्ट होती. मोजदाद. ४२ पैकी ४१ असे त्याला म्हणता आले, कारण कोण काळा आणि कोण गोरा याची नोंद कुठेतरी होती. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागवली होती, ती उगीच नाही. आपल्या दुःखाचा कागद कसा करावा हे ते शोधत होते.

आपल्याकडे काय झाले? आपला माणूस अपिलात म्हणूच शकला नाही की ज्यूरीत माझ्यासारखा कुणी नव्हता. रकानाच नव्हता, तर पुरावा कसला? आणि म्हणूनच अस्पृश्य समाजाचे एक वेगळे वागणे दिसते, ज्यावरून त्याला इंग्रजधार्जिणा म्हणून हिणवले गेले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला आपल्या लोकांवर हल्ला झाला. त्या खटल्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी सवर्ण हिंदू असते तर न्याय मिळाला नसता, असे बाबासाहेबांनी नंतर म्हटले. त्याआधी १९२६ साली खुद्द पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जवळकर, जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली. टिळक-चिपळूणकरांची बदनामी हा आरोप. सेशन्स कोर्टातल्या अपिलात वकील होते बाबासाहेब, समोर एकटा इंग्रज न्यायाधीश, आणि सगळे सुटले. आता क्षणभर कल्पना करावी की ते अपील पुण्याच्या 'लायक' गृहस्थांच्या बाकापुढे चालले असते. टिळकांना परक्यांची ज्यूरी नको होती, ते बरोबरच होते. आपल्याला गावकऱ्यांचीच ज्यूरी नको होती, तेही तितकेच बरोबर होते. दोघांचे भय एकच होते. न्याय करणारा माणूस आपल्याला माणूस म्हणून ऐकेल का?

फरक एवढाच की टिळकांना हे भय बोलून दाखवता आले, आणि त्याचा इतिहास झाला. ज्या गिरणी कामगारांनी टिळकांच्या सहा वर्षांसाठी मुंबईत सहा दिवस संप केला, गोळ्या झेलल्या, त्यांतला एकही माणूस स्पेशल ज्यूरीच्या यादीत कधी आला नसता. आणि तेल्या-तांबोळ्यांचे कौन्सिलात काय काम, हा अथणीच्या १९१७ च्या भाषणातला सूर ब्राह्मणेतरांच्या कानांतून अजून गेलेला नाही. ज्यूरीच्या बाकाबद्दल तो सूर वेगळा असता असे मानायला आधार नाही.

ज्यूरी गेली तीही आपल्या प्रश्नाला हात न लावता. लॉ कमिशनने १९५८ च्या अहवालात ती बंद करावी अशी शिफारस केली होती. १९५९ साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने 'निर्दोष' म्हटले, न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. ज्यूरी वर्तमानपत्रांना भुलते, श्रीमंतांना भुलते, अशी चर्चा झाली. ती जातीची असते, अशी झाली नाही. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला जागा राहिली नाही आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती नाही. चोर गेला, पण पंचनामा झालाच नाही.

म्हणून बाक गेला तरी प्रश्न खुर्चीत शिल्लक राहिला. सुप्रीम कोर्ट १९५० साली सुरू झाले. तिथे पहिला दलित न्यायमूर्ती बसायला १९८० उजाडले. खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. २००८ साली सहा जणांना फाशी झाली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा ना खालच्या कोर्टाने लावला, ना वरच्या. जे सगळ्या गावाला दिसत होते, ते निकालपत्रात आले नाही. ज्यूरीच्या यादीतल्या त्या न आखलेल्या रकान्याची मला तेव्हा आठवण होते.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी आता एक काम दिले आहे. त्याच्याबरोबर आणखी चौघे आहेत. पुणे जिल्ह्यातल्या ज्यूरीच्या जुन्या याद्या जिथे म्हणून मिळतील तिथे शोधायच्या, आडनाव आणि धंदा उतरून घ्यायचा. जातीचा रकाना नसला तरी मराठी आडनाव आणि धंदा बरेच बोलतात. काम वेळखाऊ आहे, आणि कचेऱ्यांतून हेलपाटे पडणार आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या जिल्ह्यात ज्यूरी होती, त्यांनी आपल्याकडे हेच करावे. ज्यांच्या घरात कोर्टात साक्ष दिलेली म्हातारी माणसे अजून आहेत, त्यांनी आधी त्यांच्याजवळ बसावे. कागद थांबतील, माणसे थांबणार नाहीत. माझे आजोबा थांबले नाहीत, आणि तो खटला कुठल्या सालचा हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.